माझी वेणी मी घालू लागले

माझे केस गुडघ्यांपर्यंत पोचले होते आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य होतं. डोकं तेवढं माझं, केस आईचे. तीच ते धुवायची, वाळवायची, तेल लावायची, विंचरायची, आणि कुणी कौतुक केलं की नजर लागू नये म्हणून लगेच म्हणायची, "कसचं काय, नुसता भारा आहे डोक्यावर." भारा होता हे खरंच होतं. ओले झाले की मान मागे ओढली जायची. शाळेत दोन वेण्या वर बांधायचा नियम होता, पण माझ्या दोन वेण्या वर बांधल्या की कानांवर दोन नारळ ठेवल्यासारखे दिसायचे. सगळा वर्ग प्रार्थनेत फिदीफिदी हसायला लागला, तेव्हा बाईंनीच मला एका वेणीची सूट दिली. ती एक वेणी पाठीवरून खाली यायची, बाकावर बसले की मागच्या मुलीच्या वहीवर पसरायची, आणि घंटा झाली की कुणी ना कुणी ती बाकाला बांधून ठेवलेली असायची.

आम्ही तेव्हा भोपाळच्या आनंद नगरला राहायचो, रायसेन रोडपासून आत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. खाली घरमालकीण मुन्नी खाला. बाबा जवळच्या मोठ्या कारखान्यात फिटर होते, सांगलीहून नोकरीसाठी आलेले. आई उज्जैनची. त्यामुळे घरात दोन मराठ्या नांदत होत्या. आई 'चोटी' म्हणायची, बाबा 'वेणी' म्हणायचे, आई 'कंघा' म्हणाली की बाबा वर्तमानपत्रातून मान वर न करता 'फणी' म्हणायचे, आणि आई म्हणायची, "ठीक आहे ना, त्याने केस तर तेच विंचरले जातात." सकाळी पोह्यांवर आईच्या बाजूला शेव आणि जिरावन मसाला, बाबांच्या बाजूला ओलं खोबरं. मी दोन्हीकडून घ्यायची.

रविवार हा केसांचा वार. शिकेकाई, रिठे आणि नागरमोथा आदल्या रात्री लोखंडी कढईत भिजायचा आणि सकाळी स्टोव्हवर रटरटत राहायचा. तो वास मला आजही कुठे आला तर डोळे आपोआप घट्ट मिटतात, कारण त्या काढ्याचा एक थेंब डोळ्यांत गेला तर दुपारपर्यंत डोळे लाल. धुऊन झालं की मला गच्चीत सुंभाच्या खाटेवर उताणं झोपवायचं, डोकं काठाच्या बाहेर, आणि केस खाली टोपलीवर पसरायचे. पावसाळ्यात टोपलीखाली निखारे आणि त्यावर चिमूटभर धूप. खाला कपडे वाळत घालायला आली की थबकायची. "या अल्लाह, बिन्नो, बाल हैं कि कुएँ का रस्सा?" म्हणायची. मला उत्तर देता यायचं नाही, कारण बोललं की डोकं हलतं आणि डोकं हललं की आई ओरडते.

आणि रोज सकाळी वेणी. आई पाटावर, मी खाली तिच्या गुडघ्यांमध्ये, पाठ तिच्याकडे. "मान खाली." आधी गुंता काढायचा, मग भांग, मग मानेपाशी केस मुठीत घट्ट धरून तीन पेड. खालून कारखान्याकडे जाणाऱ्या सायकलींच्या घंटा ऐकू यायच्या, शेजारच्या रेडिओवर भजन, ओट्यावर आईचा चहा निवत पडलेला, आणि तिच्या तोंडात आगवळ. ते केस बांधायचं काळं गोफाचं दोरकं ती दातांत धरायची, म्हणून तिचं निम्मं बोलणं दातांतून यायचं. तिला जे काही विचारायचं असे ते ती याच वेळी विचारायची. गणितात किती मिळाले, डबा कुणाला दिलास, पेन्सिल कुठे हरवली. केस समोरच्याच्या मुठीत असताना माणूस खोटं बोलू शकत नाही, हे मी फार लहानपणी शिकले. जरा थांबून उत्तर दिलं तरी तिला कळायचं, कारण मान ताठ व्हायची. लगेच पुन्हा "मान खाली."

माझ्या मुलीला वाटतं, हे लिहिताना मला गहिवरून यायला हवं. आईचा हात, तेलाचा वास, वगैरे. तिने बंगलोरहून फोनवर हे मला दोनदा सांगितलं. आईचा हात आठवतो, नाही असं नाही. पण त्याबरोबर दुखणारी मान आणि झोंबणारी कानशिलंही आठवतात. आता माझे केस खांद्याच्या वर आहेत, विरळ आहेत, आणि स्वैपाक करता करता मी त्यांना एक रबर लावून मोकळी होते. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

तर आईला नोकरी लागली. लग्नाआधी उज्जैनला तिने शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं होतं आणि ते प्रमाणपत्र ट्रंकेत साड्यांखाली पडलं होतं. जवाहर चौकात दुकानांच्या वरच्या माळ्यावर एक छोटी शाळा होती, तिथे पहिलीच्या वर्गाला बाई हवी होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, दिवाळीपर्यंत काम पाहू, मग कायम करू. आई घरी आली ती जिना चढताना गुणगुणत होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्याआधी मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी हो म्हटलं, फक्त एक अट घातली: मुलीची आबाळ होता कामा नये. आई म्हणाली, "नाही होणार."

आता आबाळ म्हणजे काय, ती मोजायची कशी? डब्यात भाजी कमी की जास्त, हे गल्लीला दिसत नाही. अभ्यास घेतला की नाही, हेही दिसत नाही. माझी वेणी मात्र दिसायची. सगळ्या गल्लीला ती पाठ होती. ती वेणी म्हणजे आईचं प्रगतिपुस्तक होतं, आणि ते मी पाठीवर घेऊन रोज गावभर हिंडत होते. नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात वाण्याच्या दुकानात दोघी जणी माझ्याकडे पाहून एकमेकींना काहीतरी म्हणाल्या. मी चालता चालता वेणी पुढे ओढून घेतली आणि पाहिलं. एक पेड सुटून लोंबत होता.

कारण आईची बस. आनंद नगरहून तिला शाळेच्या वेळेत पोचवणारी एकच बस होती, तीही उजाडता उजाडता. त्याआधी तिघांचे डबे, पाणी भरणं, आणि माझं हे अर्ध्या तासाचं प्रकरण. एकदा गुंता निघेना आणि बस गेली. मग एकदा आगवळ सापडेना आणि पुन्हा गेली. दुसऱ्या वेळी मुख्याध्यापिकांनी वर्गातल्या मुलांसमोर तिला सांगितलं, आता पुन्हा उशीर झाला तर येऊ नका. हे तिने बाबांना सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही माझ्या पाठीमागून, केस विंचरताना, आणि तेव्हा तिचे हात नेहमीपेक्षा हळू चालत होते.

बाबांनी प्रयत्न केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. एका सकाळी ते म्हणाले, "तू जा, मी घालतो. त्यात काय आहे?" त्यांनी केसांचे दोन भाग केले, दोन्हींना पीळ दिला आणि ते एकमेकांत असे काही वळले की माझ्या भुवया वर गेल्या. घरातून निघाले तेव्हा ती वेणी अगदी ताठ होती. शाळेच्या फाटकापर्यंत तिचा पीळ निम्मा सुटला, आणि प्रार्थनेला डोळे मिटून उभी होते तेव्हा उरलेला सुटला. डोळे उघडले तर सगळे केस तोंडावर. बाईंनी विचारलं, "आई घरी नाही का तुझी?" मी केस मुठीत धरून वर्गात गेले.

त्या संध्याकाळी आईने कात्री काढली. केस कापले नाहीत, फक्त ती काढून फळीवर ठेवली. म्हणाली, "गौरी होऊन जाऊ दे. मग कापून टाकू, खांद्यापर्यंत." गौरीपर्यंत थांबायचं कारण माझी आत्या. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना या थोरल्या बहिणीनेच वाढवलं होतं; बाबा तिला आक्का म्हणायचे आणि तिच्यापुढे अजूनही शर्टाचं वरचं बटण लावून बसायचे. ती दर वर्षी गौरींना सांगलीहून यायची आणि माझ्या वेणीला वरपासून खालपर्यंत फुलं माळायची. तिच्या येण्याआधी केस कापण्याची कुणाची छाती नव्हती.

खरं सांगायचं तर कात्री पाहून मला आतून बरं वाटलं. सुटले, असंच वाटलं. पण नंतर मी आतल्या खोलीत चटईवर पुस्तक उघडून पडले होते तेव्हा बाबांचा आवाज ऐकू आला. "केस कापायची पाळी आली म्हणजे आबाळ झालीच की. मग ही नोकरी कशाला? आक्काला काय सांगू मी? त्यापेक्षा नोकरीच सोड." थोड्या वेळाने आईने स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, बराच वेळ, स्टोव्हला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.

म्हणजे केस ठेवले तर बस जाणार आणि बस गेली तर नोकरी जाणार. केस कापले तर बाबांच्या हिशेबी आबाळ, आणि मग नोकरी तशीही जाणार. मला त्या वयातही हे लख्ख कळलं. एकच वाट उरली होती. माझी वेणी मी घालायची, आणि ती आईने घातल्यासारखी दिसली पाहिजे.

मला वाटलं, त्यात काय, हातांना सवय झाली की झालं. मी गच्चीतल्या खाटेला सुंभाचे तीन पदर बांधले आणि सराव सुरू केला. उजवा मधे, डावा मधे, उजवा मधे. दुपारभरात मला इतकं छान जमलं की खाटेच्या चारही पायांना वेण्या लोंबू लागल्या. खाला वर आली, तिने ते पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "काय को मेरी खटिया को दुल्हन बना रई हे?" मी तिला सांगितलं, शिकते आहे. ती म्हणाली, "तो अपने सर पे कर ना. खटिया को कौन से इस्कूल जाना हे." आणि सगळ्या वेण्या तिने मला बसवून सोडायला लावल्या.

डोक्यावर करायला गेले आणि सगळं उलटं झालं. खाटेची वेणी डोळ्यांसमोर असते, आपली पाठीमागे. आरसा घेतला तर आरशात उजवा हात डावीकडे जातो आणि आपण गोंधळून त्याच पेडाला परत जागेवर आणून ठेवतो. त्यात लांब केसांची एक खोडी असते, ती ज्यांचे केस लांब नाहीत त्यांना माहीत नसते. वर जितकी वेणी घालत जावी, तितकीच खाली मोकळ्या टोकांची उलटी वेणी आपोआप पडत जाते. दर थोड्या वेळाने थांबून ती बोटांनी सोडवली नाही तर खाली असा गुंता होतो की रडू येतं. मला आलं. हात वर धरून धरून दंड भरून यायचे, मुंग्या यायच्या, आणि मग मी खांदे पाडून भिंतीला टेकून बसायची.

तरी एकेक गोष्ट जमत गेली. आरसा बाजूला ठेवला. टोकं सोडवत राहायला शिकले. मानेखाली वीतभर वेणी झाली की ती खांद्यावरून पुढे घेऊन उरलेली समोर घालायची, हेही कळलं. पेड सारखे येऊ लागले. पण एक गोष्ट काही केल्या जमेना. वेणी पूर्ण व्हायची, मी आगवळ बांधायची, उभी राहायची, आणि मानेपाशी केसांचा एक सैल फुगा यायचा. बाकी वेणी घट्ट, आणि वर मात्र पोतं. शाळेत पोचेपर्यंत तो फुगा कानांवर उतरायचा. आणखी ओढून पाहिलं, ओल्या केसांवर घालून पाहिलं, तेल जास्त लावून पाहिलं. फुगा हटेना. आईला विचारलं तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मान खाली घातलीस ना नीट?" मी म्हटलं, घातली. आणि खरंच घालत होते. हनुवटी छातीला टेकेपर्यंत घालत होते, कारण वेणी म्हणजे मान खाली, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की त्याशिवाय वेणी घालता येते हे मला सुचलंच नव्हतं.

मी आईला स्वतःची वेणी घालताना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही उठायचो तेव्हा ती न्हाऊन, अंबाडा घालून, स्टोव्हपुढे असायची. जणू ती अंबाडा घालूनच झोपेतून उठते. त्या दिवसांत एकदा पहाटे मला तहान लागली म्हणून मी उठले आणि स्वैपाकघराच्या दारात थांबले. आई खिडकीपाशी उभी होती. बाहेर नुकतं फटफटत होतं. तिचे केस मोकळे होते, आणि ते इतके लांब आहेत हे मला तेव्हा प्रथम कळलं. दोन्ही हात मागे होते आणि डोकं मागे टाकलेलं, तोंड छताकडे, डोळे मिटलेले. मान अजिबात खाली नव्हती. बोटं मागे आपलं आपलं काम करत होती आणि ती हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. आधी मला वाटलं स्तोत्र आहे. मग कळलं, ती पहिलीच्या मुलांना शिकवायची कविता चालीवर बसवून पाहत होती. एक ओळ जमेना तशी तिने पुन्हा म्हटली, आणि जमल्यावर स्वतःशीच हसली. मी पाणी न पिता परत जाऊन अंथरुणावर पडले.

डोळ्यांपुढे ते मागे टाकलेलं डोकं होतं. हळूहळू माझ्या लक्षात आलं. मान खाली घालून मानेपाशी केस घट्ट ओढले तर ते वाकलेल्या मानेच्या मापाचे होतात. मान सरळ केली की ते जास्तीचे उरतात, आणि तोच माझा फुगा. आई माझी वेणी घालायची तेव्हा मान खाली घालायला लावायची ती विंचरायला आणि भांग पाडायला. पेड घट्ट ओढताना तीच माझं डोकं मुठीने मागे खेचायची. ते खेचणं मला फक्त दुखणं म्हणून आठवत होतं. आता कुणी यातून बायकांनी मान ताठ ठेवावी वगैरे बोध काढील, माझी मुलगी तर नक्कीच काढील, पण मला तेव्हा फक्त त्या फुग्याचा राग आला होता. सकाळी मी गच्चीत गेले, डोकं मागे टाकलं, ढगांकडे पाहत वेणी घातली, उभी राहिले आणि मानेमागे हात फिरवला. सपाट. उड्या मारून पाहिल्या. सपाट. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या गच्चीत कळलं.

आईने पाहिलं, वेणी हातात घेतली, उलटसुलट केली. फक्त खालच्या टोकाला मी आगवळ चुकीची बांधली होती, ती सोडून नीट बांधून दिली.

मग आत्या आली आणि गौरी बसल्या. आता अडचण अशी की भोपाळात गणपतीची सुट्टी असायची, गौरीपूजनाची नाही. शाळेतल्या बाकीच्या बायकांना गौर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, आणि आईला रजा मागायची सोय नव्हती. तिने रात्रीच पुरणाची डाळ भिजवली, पहाटे उठून शिजवली, गूळ घालून मंद स्टोव्हवर चढवली, भाज्या चिरून ठेवल्या आणि आत्याला वाकून नमस्कार केला. "वन्सं, दोन वाजेपर्यंत येतेच. तुम्ही पुरण तेवढं वाटून ठेवा." आणि ती गेली. आत्या खिडकीतून तिला बसथांब्याकडे जाताना पाहत राहिली. "भास्कर," ती बाबांना म्हणाली, "गौर घरात बसलीय आणि घरची सून बसच्या मागं पळतीय. ह्ये असंच चालायचं का?" त्या दिवशी रजा घेतलेले बाबा फुलांचं ताट घेऊन उभे होते. ते म्हणाले, "पोरीची आबाळ होतेय असं मला वाटतं, पण तूच सांग आक्का. तू म्हणशील तसं करू." म्हणजे निकाल आज लागणार होता, आणि आई बसमध्ये होती.

आत्याने फणी घेतली आणि पाटावर बसली. "ये वसे, बस. आईला येळ नसंल तुझ्यासाठी, मी घालते." मी पाठ वळवली. वेणी घातलेली होती. तिने ती हातात धरली, वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली, मानेपाशी ओढून पाहिली. "कुणी घातली? तुझी आई तर अंधारातच कामाला लागली हुती."

"मी."

"काय तरी सांगू नकोस."

"मीच घातली, आत्या."

"मग सोड. आणि माझ्यापुढं घाल."

मी आगवळ काढली, पेड सोडले, केस मोकळे केले. दोन्ही गौरी समोर नव्या साड्या नेसून बसल्या होत्या, त्यांच्या बाजूला आत्या, आणि दारात बाबा. मला इतक्या लोकांसमोर काहीच कधी जमलेलं नव्हतं. कविता म्हणतानाही मी ओळी विसरायची. मी डोकं मागे टाकलं आणि छताकडे पाहिलं. छतावर पावसाच्या ओलीचा डाग होता, मी त्याच्यावर डोळे लावले. बोटांना रस्ता पाठ होता. मधे खाली गुंता झाला. थांबून सोडवला. पुरणाखालचा स्टोव्ह फुरफुरत होता तेवढाच आवाज. वेणी खांद्यावरून पुढे घेतली, शेवटपर्यंत घातली, आगवळ बांधली, तीन वेढे, गाठ, आणि उभी राहिले.

आत्याने पुन्हा मानेपाशी बोट घालून पाहिलं. बोट जाईना. तिने फणी खाली ठेवली आणि बाबांकडे वळली. "भास्कर, तू शाळेत जायला लागलास तरी तुझ्या चड्डीची नाडी मी बांधत हुते. आठवतंय का? रोज सकाळी दारात उभा राहायचास, आक्का, नाडी." बाबांनी फुलांच्या ताटाकडे पाहिलं. "आणि तू हिच्या आबाळीचं बोलतोस. आबाळ झालेलं पोर असं असतंय व्हय? जाऊ दे तिला तिच्या शाळंत. पुरण मी वाटते की, माझं काय हात मोडल्यात?"

मग ती हळूच म्हणाली, "मोडलं नाहीत म्हणा. पण ह्यो उजवा वर जात नाही आता. सांगलीला रोज सुनेला सांगायचं म्हंजे जिवावर येतं." आणि ती माझ्यापुढे, माझ्याकडे पाठ करून खाली बसली, अगदी मी आईपुढे बसायची तशी. तिचे केस पांढरे आणि बोटभर जाडीचे होते. मी तिची वेणी घातली, गुंडाळून अंबाडा केला, आकडे लावले. ती मधेच एकदा म्हणाली, "हळू हात आहे बाई तुझा." बाबा तेवढ्यात पुरणाचं पातेलं उतरवायला गेले होते.

दुपारी आई जिना धापा टाकत चढली. तिच्या चेहऱ्यावर सगळा दिवस होता, काय ऐकावं लागणार याची तयारी होती. दारातच बाबा म्हणाले, "उद्याची बस चुकवू नकोस." आईला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "नाही चुकवणार, पण..." बाबा म्हणाले, "पण काय? आक्का आहे ना घरात." आत्या आतून ओरडली, "भास्कर, तिला पाणी दे आधी." माझ्या वेणीत तेव्हा शेवंतीची फुलं होती, वरपासून खालपर्यंत. आईने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पदराने तोंड पुसलं. घामच होता, असं ती नंतर म्हणायची. कात्री त्या संध्याकाळी फळीवरून शिवणाच्या डब्यात परत गेली. दिवाळीनंतर तिला शाळेने कायम केलं, आणि पुढे तिने त्याच शाळेत केस पिकेपर्यंत शिकवलं.

पण मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी वेणी घालून स्वैपाकघरात आले. डबे भरले होते, आत्या अजून झोपली होती, बाबा पाणी भरत होते. आईच्या हातात सवयीने फणी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, फणी ठेवून दिली, मग घड्याळाकडे पाहिलं. बसला अजून वेळ होता आणि तिच्या हातांना काही काम उरलं नव्हतं. तिने ओट्यावरचं एक भांडं उचलून परत तिथेच ठेवलं. मग पाट ओढून बसली. मी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला. तिने पहिला घोट घेतला आणि दचकून कप खाली ठेवला, ओठांवर बोट ठेवलं.

"का गं," ती म्हणाली, "चहा रोज इतका गरम असतो?"

"असतो," मी म्हटलं.

ती फुंकर घालत घालत तो सगळा चहा बसून प्यायली, आणि मग बसला गेली.